एकशे ऐंशी दिवसांची चाचणी

मापन प्रयोगशाळेच्या तापमान विभागात ती सव्वीस वर्षं काम करत होती, आणि त्यातली वीसेक वर्षं तरी तिला तिच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. सगळ्यांची ती पाराबाई. एक तर तिच्या हातात कायम पाऱ्याचा थर्मामीटर असायचा. दुसरं म्हणजे मोजमापात कुणी हयगय केली की तिचा स्वतःचा पारा असा काही चढायचा, की शिपायापासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे आपापल्या टेबलाशी जाऊन निमूट कामाला लागायचे.

ती आली होती काचेचं सामान धुवायला. बावीस वर्षांची होती, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. विभागात तेव्हा एक म्हातारा तंत्रज्ञ होता, त्याची नजर अधू होत चालली होती. "पोरी, जरा हा आकडा वाच गं," म्हणून तो तिला हाक मारायचा. वाचता वाचता ती भिंगातून अंशाचा शंभरावा भाग ओळखायला शिकली, आणि म्हातारा निवृत्त झाला तेव्हा तीन डिग्रीवाल्यांना सोडून त्याच्या खुर्चीवर तिला बसवलं गेलं. तेव्हापासून रोजचा शिरस्ता ठरलेला. आल्या आल्या बर्फ कुटायचा, त्यात मुख्य थर्मामीटर बुडवायचा, आणि तो अगदी शून्यावर येऊन थांबतो की नाही ते पाहायचं. तोवर चहा नाही.

देशात कुठलंही उपकरण विकायचं झालं की आधी या प्रयोगशाळेत आणावं लागे. तपासणी व्हायची, मग प्रमाणपत्र मिळायचं. पण तपासणीची रांग अशी होती की व्हरांड्यात दोन्ही बाजूंना खोकी रचलेली असत आणि त्यांवरची धूळ झाडायलाही कुणाला सवड नसे. एका तरुणाचं पाणी शुद्ध करायचं यंत्र त्या व्हरांड्यात बावीस महिने पडून होतं. शेवटी एक दिवस तो टेम्पो घेऊन आला, कुणाशी न बोलता यंत्र घेऊन गेला, आणि पुढे देश सोडूनच गेला. तीन वर्षांनी तसंच यंत्र परदेशी कंपनीचं लेबल लावून त्याच व्हरांड्यात आलं. ते पाराबाईलाच तपासावं लागलं. आतला प्रत्येक खटका तिला ओळखीचा वाटत होता. त्या दिवशी तिला घरी जेवण गेलं नाही.

म्हणून नवं विज्ञान धोरण आलं तेव्हा तिला आनंदच झाला.

धोरण समजावून सांगायला डायरेक्टरनं सगळ्यांना सभागृहात बोलावलं. हा डायरेक्टर इथेच वाढलेला. नवखा शास्त्रज्ञ म्हणून आला तेव्हा थर्मामीटर डोळ्यांच्या पातळीत कसा धरायचा हे त्याला पाराबाईनंच शिकवलं होतं, त्यामुळे खुर्ची मिळाली तरी तो तिला ताईच म्हणायचा.

"आपण सगळं बाहेरून विकत घेतो," तो म्हणाला. "आपली पोरं शोध लावतात आणि ते शोध आपल्याच व्हरांड्यात कुजतात. कारखाने उभे कसे राहणार? कामं कुठून येणार? इथून पुढे तीस दिवस. तीस दिवसांत हो किंवा नाही. कुणालाही लटकवून ठेवायचं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाराबाईनंही मनापासून टाळ्या वाजवल्या. मग कागद वाटले गेले, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ तिला दिसली. दीर्घ चाचणी, उत्पादकाची इच्छा असल्यास.

दीर्घ चाचणी म्हणजे उपकरण उबदार, दमट खोलीत एकशे ऐंशी दिवस सलग चालू ठेवायचं आणि त्याचे आकडे हळूहळू घसरतात का ते पाहायचं. ती उठून उभी राहिली.

"साहेब, एकशे ऐंशी दिवस तीस दिवसांत बसवायचे कसे?"

"बसवायचे नाहीत, ताई. काढून टाकायचे." तो हसला. सभागृहही हसलं. "बाहेरच्या देशांतही ही चाचणी आता सक्तीची नाही."

"तिथली हवा कोरडी आहे."

पुन्हा हशा पिकला. या खेपेला कुणीतरी तिच्या नावानं टाळीही वाजवली. ती खाली बसली. कागदाची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवला, आणि का कोण जाणे, दिवसभर तिला आपण काहीतरी चालू ठेवून घराबाहेर पडलोय असं वाटत राहिलं.

तीस दिवसांच्या नियमात आलेलं पहिलं मोठं काम म्हणजे काचेची पेटी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब द्यायला ठेवतात, तशी. बाहेरून येणारी पेटी इतकी महाग की छोट्या रुग्णालयांत एकसुद्धा नसायची, आणि तिथली बाळं कापसात गुंडाळून देवाच्या भरवशावर ठेवायची पद्धत होती. ही पेटी तिच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात तयार झाली होती. बनवणारी जेमतेम तिशीची इंजिनिअर मुलगी होती. टेम्पोतून पेटी उतरवताना तिनं हमालाला हात लावू दिला नाही, स्वतः एक बाजू धरली. तिची पहिली बहीण अशाच अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि चौथ्या दिवशी गेली, हे तिनं दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं. तोवर ती पाराबाईला मावशी म्हणायला लागली होती.

पेटी खरंच देखणी होती. देखणी म्हणजे कामाला देखणी. झाकण एका हातानं उघडायचं, वीज गेली तरी तास दीड तास आतली ऊब टिकायची, आणि बाळाच्या पोटावर चिकटवायचा सेन्सर चण्याच्या डाळीएवढा. सेन्सर बाळाचं तापमान सांगणार, त्यावरून पेटी स्वतःच ऊब कमीजास्त करणार. पाराबाईनं बाळाच्या जागी कोमट पाण्याची रबरी पिशवी ठेवली, सेन्सरशेजारी आपला थर्मामीटर लावला, आणि तीस दिवस तपासलं. पडद्यावरचा आकडा आणि पाऱ्याचा आकडा यांत केसाचाही फरक पडला नाही.

"मावशी, झालं ना?" मुलीनं विचारलं.

"तीस दिवसांचं झालं. अजून दीडशे दिवस ठेवून जा."

मुलीचा चेहरा पडला. "मंत्रालयानं पहिल्या दोनशे पेट्यांची मागणी नोंदवलीय. प्रमाणपत्र आलं की पुढच्याच महिन्यात रवाना. मावशी, दीडशे दिवसांत किती बाळं जातील, तुम्हीच सांगा."

बाळं जात होती हे खरंच होतं. तिनं सही केली. प्रयोगशाळेच्या पद्धतीप्रमाणे ती सही छापखान्यात गेली आणि 'तपासले' असं लिहिलेल्या हिरव्या पट्टीवर छापून प्रत्येक पेटीच्या पाठीला चिकटली.

पण तपासलेला नमुना वर्षभर जपून ठेवावा असा जुना नियम होता. जपून ठेवावा, एवढंच लिहिलं होतं. बंद ठेवावा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पाराबाईनं पेटी भांडारामागच्या अरुंद खोलीत नेली, खिडकी लावून घेतली, हवा दमट राहावी म्हणून पाण्यानं भरलेली पसरट परात ठेवली, रबरी पिशवीला सेन्सर आणि थर्मामीटर पुन्हा लावले आणि खटका दाबला. पेटी बारीक घरघर करू लागली.

"घरी नवरा, ऑफिसात पेटी," तिचा नवरा म्हणाला. तो शिंपी होता, घरातच मशीन टाकून बसायचा. "दोघांचंही ताप मोजणं चाललंय."

"तुमचा मोजायची गरज नाही. तुमचा आकडा मला तोंडपाठ आहे."

रोज सकाळी बर्फाचं काम उरकलं की ती त्या खोलीत जायची. पन्नास दिवस काही घडलं नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी पारा एक दशांश खाली दिसला. तिनं भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. एक दशांश म्हणजे काहीच नाही, असं स्वतःला सांगितलं. एक्याऐंशीव्या दिवशी तीन दशांश झाला. पडदा मात्र छत्तीस पूर्णांक पाच दाखवत होता, अगदी स्थिर, डोळे न मिचकावता बघणाऱ्या माणसासारखा.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात पेटीचा फोटो आला. दोनशे बारा रुग्णालयांत पेट्या पोचल्या होत्या. कारखान्यात चारशे माणसांना काम मिळालं होतं. शेजारच्या तीन देशांनी मागणी केली होती. फोटोत मंत्री होते, डायरेक्टर होता, आणि कडेला इंजिनिअर मुलगी अवघडून उभी होती. प्रयोगशाळेत पेढे वाटावेत तसा तो पेपर वाटला गेला.

मग एका रविवारी नणंद जेवायला आली. पाराबाईच्या नवऱ्याची ही थोरली बहीण, मोठ्या सरकारी रुग्णालयात नवजात बाळांच्या वॉर्डची हेड सिस्टर, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांची बाळं सांभाळल्यामुळे की काय, तिचं बोलणं कायम वरच्या पट्टीत.

"अगं, तुझ्या त्या पेट्या आल्यात ना आमच्याकडे, चार," ताटावर बसताच ती म्हणाली. "मागं तुझी सही बघितली, ऊर भरून आला हो! सगळ्यांना सांगितलं, ही माझी भावजय. आणि काय सांगू, त्या पेट्यांतली बाळं इतकी शहाणी! जुन्या पेट्यांत नुसता कालवा असायचा. यांत पडली की गप्प झोपतात. दूध प्यायलासुद्धा उठवावं लागतं."

पाराबाईचा हात ताटातच थांबला.

"रडत नाहीत?"

"चकार नाही."

"आधीपासून की आता आता?"

नणंदेनं जरा विचार केला. "आता पंधरा दिवस असतील. का गं?"

"काही नाही, वन्सं. सहज." ती उठली आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. माठाशी उभी राहिली खरी, पण पाणी घ्यायचं विसरली. म्हाताऱ्या तंत्रज्ञानं तिला कधीतरी सांगितलं होतं. तापलेलं बाळ रडतं, हातपाय झाडतं. थंड पडत जाणारं बाळ काही करत नाही. ते आपलं शांत होत जातं.

सोमवारी तिनं बर्फाआधी पेटी गाठली. शहाण्णवावा दिवस. सहा दशांश.

ती घाई करणारी बाई नव्हती, आणि याचंच तिला पुढे आयुष्यभर वाईट वाटलं. सहा दशांशावर तोंड उघडलं तर हसतील, एवढ्या फरकानं बाळाचं काही बिघडत नाही म्हणतील, म्हणून ती आणखी थांबली. एकशे विसाव्या दिवशी फरक एक अंशाच्या वर गेला. एकशे तेहतिसाव्या दिवशी एक पूर्णांक सहा झाला तेव्हा वही काखेत मारून ती डायरेक्टरच्या खोलीत शिरली.

त्यानं वही शेवटपर्यंत वाचली. त्याला वाचता येत होतं, तीच त्याची अडचण होती.

"ही चाचणी करायला कुणी सांगितलं, ताई?"

"कुणी नाही. फरक बघा, साहेब. सेन्सर खोटं बोलायला लागलाय. बाळ गार पडतंय आणि पेटीला वाटतंय सगळं ठीक आहे."

"एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मग आणखी नमुने मागवा."

तो पेनचं टोपण काढत होता, लावत होता. "पंधरा दिवसांनी जहाज जातंय. आपल्या देशानं बनवलेलं, शोधलेलं, पहिलं वैद्यकीय उपकरण बाहेर विकलं जातंय. या धोरणावर प्रयोगशाळेचं पुढचं सगळं अवलंबून आहे, तुमची माझी नोकरीसुद्धा. आणि मी मंत्रालयाला काय सांगू? भांडारामागे परात ठेवून एक बाई बसली होती, म्हणून?"

"असंच सांगा. खरं तेच आहे."

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "पेटी बंद करा. आजच."

दुपारी दोन शिपाई आले आणि प्लग काढून घेऊन गेले. घरघर थांबल्यावर खोली इतकी शांत झाली की पाराबाईला तिथे उभं राहवेना.

एक नमुना पुरावा होत नाही ना, तर चार बघू, असं म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली. थर्मामीटर रुमालात गुंडाळला, रुमाल डब्यात ठेवला, आणि रुग्णालयात नणंदेपुढे जाऊन उभी राहिली. काय झालंय ते थोडक्यात सांगितलं. नणंद ऐकता ऐकता गप्प झाली. ती गप्प झालेली पाराबाईनं कधी पाहिली नव्हती.

वॉर्ड लांबट होता, भिंती फिक्या हिरव्या, फिनेलचा वास. बाहेरच्या बाकावर आया बसल्या होत्या. खिडकीशी ओळीनं चार पेट्या होत्या, आणि चारींच्या पाठीवर हिरव्या पट्टीत पाराबाईची सही. पहिल्या पेटीत तिनं बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला, पाच मिनिटं थांबली. फरक अर्ध्या अंशाचा. दुसरीत एक अंशाच्या वर. तिसरीत दीड.

चौथ्या पेटीत अकरा दिवसांची मुलगी होती. पडद्यावर छत्तीस पूर्णांक पाच. मुलीचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठांचा रंग उतरलेला, छाती हलतेय की नाही ते निरखून पाहावं लागत होतं. पाराबाईनं काखेतून थर्मामीटर काढला. भिंग लागलं नाही. चौतीसच्याही खाली होता.

"वन्सं, हिला बाहेर काढा."

"पण पडदा..."

"पडदा सोडा. पायाला हात लावून बघा."

नणंदेनं हात आत घातला, आणि तो ओढून घेतला. पुढच्या मिनिटाला तिचा आवाज अख्ख्या मजल्यावर घुमत होता. बाकावरून आईला धावतच आत आणलं, तिच्या उघड्या छातीशी मुलीला लावलं, वरून दोन घोंगड्या टाकल्या. आई घाबरून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि कुणी तिला नीट सांगत नव्हतं. तासाभरानं घोंगडीखालून मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. मग तो वाढत गेला. वॉर्डात सगळे ते रडणं ऐकत उभे राहिले.

मुलगी वाचली. बाकीची तिघंही आपापल्या आयांच्या छातीशी गेली. पण संध्याकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी नणंदेनं ऑफिसातून वॉर्डचं रजिस्टर आणलं आणि चष्मा लावून बसली. तिचं बोट ओळीवरून ओळीवर सरकत होतं. मागच्या दहा आठवड्यांत नव्या पेट्यांमधली सात बाळं गेली होती. त्याआधीच्या दहा आठवड्यांत, जुन्या पेट्यांत, तीन. सातही ओळींपुढे एकच कारण लिहिलेलं होतं: कमी दिवसांचे, कमी वजनाचे. त्यातल्या चार ओळी नणंदेच्याच हस्ताक्षरात होत्या.

"मीच म्हणत होते," ती म्हणाली, "शहाणी बाळं म्हणून."

सातातली किती थंडीनं गेली आणि किती तशीही गेली असती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मोजायची वेळ निघून गेली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यापुढे असा आकडा आला होता जो कधीच काढता येणार नव्हता.

तिनं इंजिनिअर मुलीला फोन केला. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. आधी तिनं ऐकूनच घेतलं नाही. सेन्सर नीट चिकटवला नसेल, पुसायचं औषध चुकीचं वापरलं असेल. मग तिनं स्वतःच्या हातानं मोजलं. चारही पेट्या, दोनदा. शेवटी तिनं एक सेन्सर उपटला, ब्लेडनं मधोमध कापला आणि पाराबाईच्या भिंगाखाली धरला. आतल्या, तापमान ओळखणाऱ्या मण्याभोवती ओल अडवायला भरलेलं पांढरं लुकण पिवळट पडून भेगाळलं होतं. भेगेत ओल चकाकत होती.

"लुकण," ती म्हणाली. "दमट हवेत चार महिने टिकत नाही. दीर्घ चाचणीत दिसलं असतं." मग तिनं ब्लेड खाली ठेवलं. "तुम्ही म्हणाला होतात, मावशी. आणि मी तुम्हाला बाळं किती जातील ते विचारलं होतं."

"सही माझी आहे," पाराबाई म्हणाली. "रडायला नंतर बस. आता टाइप करता येतं ना तुला?"

दोघींनी मिळून अहवाल लिहिला. चार पेट्यांचे आकडे, कापलेल्या सेन्सरचे फोटो, शेवटी नणंदेची सही. तो घेऊन त्या डायरेक्टरकडे गेल्या. त्यानं वाचला, उठून दार लावून घेतलं, आणि परत येऊन खुर्चीत बसला तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

"मी आजच वर पाठवतो," तो म्हणाला.

त्यानं खरंच त्याच दिवशी पाठवला. पण वर म्हणजे मंत्रालयात, आणि तिथे फाईल एकोणीस दिवस थांबली. एका टेबलावर विचारलं गेलं की चाचणी अधिकृत होती का. दुसऱ्यावर विचारलं गेलं की ही बातमी फुटली तर बाकीच्या नव्या उद्योगांचं काय होईल. प्रश्न वेडेपणाचे नव्हते. प्रत्येकाला आपापल्या जागी वाजवी वाटावा असाच प्रश्न होता. दहाव्या दिवशी जहाज सुटलं.

विसाव्या दिवशी परिपत्रक निघालं. सेन्सर दर साठ दिवसांनी बदलावा, एवढीच एक ओळ. का बदलावा ते लिहिलं नव्हतं. ज्या रुग्णालयात बदलायला दुसरा सेन्सरच नव्हता, त्यानं काय करावं तेही नव्हतं. बहुतेक ठिकाणी ते परिपत्रक फाईलला लागलं आणि पेट्या चालू राहिल्या.

इंजिनिअर मुलगी थांबली नव्हती. अहवाल वर गेला त्याच आठवड्यात तिनं दोनशे बारा रुग्णालयांना स्वतःच्या नावानं पत्रं टाकली. पडद्यावर विश्वास ठेवू नका, काखेत साधा थर्मामीटर लावा, पाय गार लागला तर बाळ आईच्या छातीशी द्या. जहाजाबरोबरच्या कागदांवर मात्र फक्त बंदरांची नावं होती. तिथून पेट्या कुठल्या गावांना, कुठल्या वॉर्डांत गेल्या, ते कंपनीतही कुणाला ठाऊक नव्हतं. ही पत्रं बाहेर पडल्यावर कंपनीतल्या बाकीच्या भागीदारांनी तिला काढायचा ठराव केला आणि तिनंच उभ्या केलेल्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं तिला अडवलं. चण्याच्या डाळीएवढा नवा सेन्सर तिनं त्यानंतर भाड्याच्या खोलीत बसून तयार केला. पाराबाईनं तिला बजावलं, याला एकशे ऐंशी दिवस. ती म्हणाली, दोनशे ठेवते.

पाराबाईची बदली अभिलेख कक्षात झाली. कारण, अनधिकृत चाचणी. "आता पारा चढवणार कुणावर?" नवऱ्यानं विचारलं. "कपाटांवर?" पण त्या दिवशी त्यानं मशीन बंद ठेवलं आणि तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला.

तापमान विभागात तिच्या जागी एक चुणचुणीत पदवीधर आला. व्हरांडा आता रिकामा, झाडूनपुसून चकचकीत. प्रमाणपत्रांचा आकडा तिप्पट झाला. वर्षअखेरीच्या सभेत डायरेक्टरनं जाहीर केलं की धोरणाच्या यशामुळे मुदत तीस दिवसांवरून एकवीसवर आणली जात आहे. बोलताना त्यानं मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. मागच्या रांगेत पाराबाई होती. या खेपेला टाळ्या वाजल्या तेव्हा तिच्या शेजारी बसलेल्या माणसानं तिच्याकडे पाहून आपले हात थांबवले, मग जरा वेळानं पुन्हा वाजवू लागला.

अभिलेख कक्षात कामं फारशी नव्हती, पण टेबलावर फोन होता. पत्राला दोनशे बारापैकी एकशे एकेचाळीस रुग्णालयांनी उत्तर दिलं होतं. उरलेली एकाहत्तर तिनं एका कागदावर लिहून काढली आणि रोज सकाळी एकेका ठिकाणी फोन लावू लागली. कुठे नंबर बदललेला, कुठे उचलणारा म्हणे साहेब दौऱ्यावर आहेत. चौतीस नावांवर काट मारून झाली.

पस्तिसावं रुग्णालय फार दूरचं होतं. फोन भांडारातल्या माणसानं उचलला.

"काचेच्या पेट्या? आहेत की, तीन. सरकारनं दिलेल्या."

"सेन्सर बदललेत का?"

"ते नाही माहीत. आमच्याकडे तसलं काही आलेलं नाही."

"पेट्या चालू आहेत?"

"चालूच असतात. बंद कशाला करतील?"

"आत्ता आत बाळं आहेत?"

"असतील ना, बाई. थंडीचे दिवस आहेत. उद्या फोन करा, सिस्टर भेटतील."

"उद्या नको," पाराबाई म्हणाली. तिनं खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही वॉर्डात जा आणि सिस्टरांना फोनवर घेऊन या. नाहीच आल्या, तर प्रत्येक बाळाच्या पायाला हात लावा आणि गार आहे की गरम, ते मला येऊन सांगा. मी फोन धरून थांबते."

पलीकडे तो माणूस जरा घुटमळला. मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि त्याच्या चपला लांबच्या लांब व्हरांड्यातून दूर दूर जात राहिल्या.